वनस्पतींची जीवनधोरणे व अधिवास

वनस्पतींची जीवनधोरणे व अधिवास : वनस्पतीची शरीररचना, वाढीचा वेग, आयुर्मर्यादा व प्रजोत्पादनाची रीत यांचा तिच्या अधिवासाशी (नैसर्गिक वसतिस्थानाशी) असलेला मेळ ‘जीवनधोरण’ या संज्ञेने दर्शविला जातो. येथे धोरण म्हणजे जाणीवपूर्वक आखलेली योजना नव्हे. नैसर्गिक निवडीमुळे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र टिकून राहिलेल्या आनुवंशिक लक्षणांचा तो समुच्चय होय. प्राण्याप्रमाणे वनस्पतीस प्रतिकूल ऋतूत स्थलांतर करता येत नाही. जेथे बी रुजले तेथेच तिला पाणी, प्रकाश व खनिजे मिळवावी लागतात आणि अवर्षण, हिमपात, वणवा किंवा चराई यांना तोंड द्यावे लागते. शिवाय तिच्याजवळील साधनसामग्री मर्यादित असते. जी द्रव्ये खोडाची उंची वाढविण्यात खर्ची पडतात ती बियांसाठी उरत नाहीत. जलद वाढणारे पातळ पान अवर्षणात तग धरत नाही. सर्व अधिवासांत सारखीच यशस्वी ठरेल अशी वनस्पती त्यामुळे असू शकत नाही. ही साधी दिसणारी गोष्ट शास्त्रीय सिद्धांताच्या रूपात मांडली जाण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. तत्पूर्वीच्या व नंतरच्या विचारांचा आढावा येथे घेतला आहे.

प्राचीन कल्पना : ग्रीक तत्त्वज्ञ थीओफ्रॅस्टस (इ. स. पू. सु. ३७१–२८७) यांनी वनस्पतींचे वृक्ष, क्षुप (झुडूप), उपक्षुप व ओषधी असे चार वर्ग केले आणि प्रत्येक वनस्पतीस आपली अशी योग्य जागा असते, असे प्रतिपादन केले. अलेक्झांडरच्या पूर्वेकडील मोहिमेतून मिळालेल्या माहितीच्या आधारे त्यांनी समुद्राच्या भरतीच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या वृक्षांचे, म्हणजे कच्छ वनश्रीचे, वर्णनही केले आहे. भारतात चरकसंहितेत वनस्पती, वानस्पत्य, वीरुध व ओषधी असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ओषधी म्हणजे फळ पक्व होताच जिचा अंत होतो ती. ही व्याख्या आकारावर नसून जीवनक्रमावर आधारलेली आहे, हे लक्षणीय आहे. आयुर्वेदाने भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले. जांगल देश मोकळ्या आकाशाचा, कोरडा, खैर, बोर, शमी, धावडा यांसारख्या वृक्षांचा. आनूप देश जलबहुल, नारळ व केळ यांचा. तर साधारण देश या दोहोंची लक्षणे असलेला. आज मराठीत ‘जंगल’ या शब्दाने दाट वनाचा बोध होतो. परंतु ज्या संस्कृत शब्दापासून तो आला त्याचा मूळ अर्थ कोरडा, उघडा प्रदेश असा आहे. अशा प्रदेशास त्या काळी हीन मानीत नसत. उलट आरोग्याच्या दृष्टीने तो चांगला समजला जाई.

बाह्यरूप व हवामान : आधुनिक विचारास प्रारंभ जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फोन हंबोल्ट (१७६९–१८५९) यांच्यापासून झाला. १७९९ ते १८०४ या काळात त्यांनी एमे बाँप्लां यांच्यासह अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधातील भागात प्रवास केला. १८०२ मध्ये अँडीज पर्वतातील चिंबोराझो शिखरावर चढताना उंचीनुसार वनश्री कशी पालटत जाते, हे त्यांनी नोंदविले. पायथ्याशी ताड व केळी, त्यावर ओक व क्षुपे, त्याहून वर गवते आणि अखेरीस शैवाकांनी (दगडफुलांनी) झाकलेले खडक, असे पट्टे त्यांना आढळले. फुलांच्या रचनेवरून ठरविलेल्या कुलांऐवजी वनस्पतींच्या बाह्यरूपावरून थोडे ठळक प्रकार कल्पून त्यांनी निरनिराळ्या प्रदेशांची तुलना केली. परस्परांशी नाते नसलेल्या वनस्पतीही सारख्या हवामानात सारखे रूप धारण करतात, हे त्यामुळे ध्यानात आले. अमेरिकेतील निवडुंग आणि आफ्रिकेतील शेर-वंशातील (यूफोर्बिया) मांसल वनस्पती हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. आउगुस्ट ग्रीझेबाख यांनी १८७२ मध्ये अशा रूपांची संख्या पन्नासाच्या वर नेली. परंतु वर्णन जितके सूक्ष्म झाले तितके स्पष्टीकरण मागे पडले. विशिष्ट रूप विशिष्ट जागीच का, या प्रश्नास केवळ बाह्यरूपाच्या यादीने उत्तर मिळण्यासारखे नव्हते.

वॉर्मिंग व शिंपर : हा प्रश्न डॅनिश वनस्पतिवैज्ञानिक यूजेन वॉर्मिंग (१८४१–१९२४) यांनी पुढे नेला. तरुणपणी, १८६३ ते १८६६ या काळात, ते ब्राझीलमधील लागोआ सांता येथे पेटर व्हिल्हेल्म लूंड या डॅनिश पुराजीववैज्ञानिकांचे सचिव होते. तेथील विस्तीर्ण, विरळ झाडांचा गवताळ प्रदेश हा मूळच्या अरण्याचा वणव्यांमुळे झालेला अवशेष आहे, असे लूंड यांचे मत होते. १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वॉर्मिंग यांनी ते अमान्य केले. कोरडा ऋतू व जमिनीचे स्वरूप ही त्या वनश्रीची मुख्य कारणे असून वणव्यांचा परिणाम दुय्यम आहे, असे त्यांनी दाखविले. जाड साल, जमिनीखालील काष्ठमय खोडे व वणव्यानंतर फुटणारे धुमारे ही तेथील वनस्पतींची लक्षणे उजाड झालेल्या अरण्याची नव्हेत, तर स्वतंत्र वनश्रीची होत, हा त्यातील महत्त्वाचा आशय होय. या वादास पुढे भारतातही महत्त्व प्राप्त झाले; त्याचा उल्लेख शेवटी केला आहे.

वॉर्मिंग यांचा १८९५ मधील ‘वनस्पतिसमुदाय’ या अर्थाच्या डॅनिश नावाचा ग्रंथ परिस्थितिविज्ञानाचा पहिला पाठ्यग्रंथ मानला जातो. त्यात पाण्याच्या उपलब्धतेनुसार जलवनस्पती, मरुवनस्पती, लवणवनस्पती व मध्यवनस्पती असे वर्ग केलेले असून ते आजही शालेय पुस्तकांत आढळतात. जर्मन वनस्पतिवैज्ञानिक आंड्रेआस शिंपर (१८५६–१९०१) यांनी १८९८ मध्ये वनस्पतींच्या भौगोलिक वितरणास शरीरक्रियाविज्ञानाचा पाया दिला. भिजलेल्या जमिनीतील वनस्पतीही कित्येकदा मरुवनस्पतींसारख्या का दिसतात, याचा उलगडा त्यांनी ‘शरीरक्रियात्मक शुष्कता’ या कल्पनेने केला. आग्नेय आशियाच्या किनाऱ्यावरील कच्छ वनश्रीचा त्यांनी खास अभ्यास केला होता. तेथे पाणी मुबलक असूनही क्षारांमुळे ते मुळांना सहजी शोषता येत नाही. म्हणून पाने जाड व चिवट होतात. कोकणच्या खाड्यांतील तिवर व कांदळ या वृक्षांतही हेच दिसते. तिवर पानांतील ग्रंथींवाटे मीठ बाहेर टाकतो, चिखलातून वर येणाऱ्या श्वसनमुळांनी हवा घेतो. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते व लांबट रोप खाली चिखलात पडते. मात्र शिंपर यांचा विचार त्या काळाच्या मर्यादेतच राहिला : पाणी हाच त्यात निर्णायक घटक होता.

रॉनकिअर यांचे जीवनाकार : वॉर्मिंग यांच्यानंतर कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झालेले क्रिस्टेन रॉनकिअर (१८६०–१९३८) यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रश्नाची मांडणीच बदलली. वनस्पतीची सर्व लक्षणे विचारात न घेता त्यांनी एकच लक्षण निवडले. पुढील हंगामात ज्यांतून वाढ व्हावयाची ती मुकुले (कळ्या) वनस्पती प्रतिकूल ऋतूत कोठे सांभाळते, हे ते लक्षण होय. त्यानुसार पाच मुख्य जीवनाकार ठरले. ज्यांची मुकुले हवेत उंचावर उघडी असतात असे वृक्ष व क्षुप हा पहिला. जमिनीपासून थोड्या उंचीवर मुकुले असलेल्या बुटक्या वनस्पती हा दुसरा. मुकुले जमिनीच्या पृष्ठाशी राखणाऱ्या, गवतांसारख्या बहुवर्षायू वनस्पती हा तिसरा. कंद, मूलक्षोड (जमिनीत आडवे वाढणारे खोड) यांसारख्या भूमिगत किंवा पाण्याखालील अवयवांवर मुकुले असलेल्या वनस्पती हा चौथा. आणि प्रतिकूल काळ केवळ बीजरूपात घालविणाऱ्या वर्षायू वनस्पती हा पाचवा.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे मोजणी शक्य झाली. एखाद्या प्रदेशातील जातींचे या पाच वर्गांतील शेकडा प्रमाण काढले, की त्या प्रदेशाचा ‘जैव वर्णपट’ मिळतो. संपूर्ण जगासाठी रॉनकिअर यांनी ठरविलेले प्रमाण अनुक्रमे ४६, ९, २६, ६ व १३ असे होते. त्याच्याशी तुलना करता कॅरिबियन समुद्रातील सेंट टॉमस व सेंट जॉन या उष्ण, दमट बेटांवर पहिल्या वर्गाचे प्रमाण ६१ टक्के भरले. उत्तर ध्रुवाजवळील स्पिट्सबर्गेन बेटावर ते केवळ १ टक्का असून तेथे मुकुले भूपृष्ठाशी राखणाऱ्या वनस्पती ६० टक्के होत्या. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात वर्षायू वनस्पतींनीच ४२ टक्के वाटा उचलला होता. हवामानाची नोंद जणू तेथील वनश्रीच ठेवते, असे या आकड्यांवरून दिसून आले. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेतील फ. र. भरूचा व त्यांच्या सहकाऱ्याने १९४१ मध्ये माथेरान व महाबळेश्वर येथील वनस्पतींचे जैव वर्णपट प्रसिद्ध केले. सह्याद्रीवरील वनश्रीस ही पद्धत लावण्याचा तो एक आरंभीचा प्रयत्न होता.

आनुवंशिकतेचा पुरावा : अधिवासाशी असलेला मेळ कसा उत्पन्न होतो, याविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद होते. परिस्थितीमुळे वनस्पतीत प्रत्यक्ष बदल होतात व ते पुढील पिढीत उतरतात, या लामार्क यांच्या मताकडे वॉर्मिंग यांचा कल होता. सखल भागातील वनस्पती उंचावर लावली असता ती पर्वतीय प्रकारात परिवर्तित होते, असा दावा फ्रान्समधील गास्ताँ बॉन्ये यांनी केला होता. स्वीडनमधील यॉटे टुरेसोन यांनी १९२२ च्या सुमारास एकाच जातीचे निरनिराळ्या अधिवासांतील नमुने एकाच बागेत वाढवून पाहिले. त्यांच्यातील बरेच भेद तेथेही कायम राहिले. कॅलिफोर्नियात क्लॉसन, केक व हीसी या त्रयीने एकाच रोपाचे भाग करून ते समुद्रसपाटीजवळ, सु. १,४०० मी. व सु. ३,०५० मी. उंचीवर अशा तीन बागांत लावले. त्यांचे १९४० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष निर्णायक ठरले : परिस्थितीनुसार रोप काही प्रमाणात बदलते खरे, परंतु त्याची मूळची प्रकृती बदलत नाही. अधिवासानुसार असलेले भेद मुख्यतः आनुवंशिक असून ते निवडीने घडले आहेत, हे यावरून प्रस्थापित झाले.

आयुष्य व बीजोत्पादन : यानंतर लक्ष शरीररचनेकडून जीवनक्रमाकडे वळले. इंग्लंडमधील एडवर्ड सॉल्झबरी यांनी १९४२ मध्ये वनस्पतींच्या बीजोत्पादनावर ग्रंथ लिहिला. मोकळ्या जागेतील जातींची बीजे हलकी, तर सावलीत रुजणाऱ्या जातींची बीजे सरासरीने जड असतात, असे त्यांना आढळले. अंधुक प्रकाशात रोपाला आरंभीच्या वाढीसाठी बीजातील शिदोरीवर अवलंबून राहावे लागते. अमेरिकेतील लॅमाँट कोल यांनी १९५४ मध्ये एक कोडे मांडले : वर्षायू वनस्पतीने केवळ एक बी जास्त निर्माण केले, तरी गणितानुसार ती अमर बहुवर्षायूची बरोबरी करते, मग बहुवर्षायू वनस्पती असतातच का? चार्नॉव्ह व शॅफर यांनी १९७३ मध्ये त्याचे उत्तर दिले. जेथे वाढलेल्या झाडापेक्षा रोप मरण्याचा संभव पुष्कळ अधिक, तेथे दीर्घायुष्य फायद्याचे. आणि जेथे कोरड्या ऋतूत वाढलेले झाड हमखास मरते पण बी जगते, तेथे वर्षायू असणे श्रेयस्कर. वाळवंटातील वर्षायूंचे बाहुल्य, जे रॉनकिअर यांनी केवळ मोजले होते, त्याचे कारण असे स्पष्ट झाले. दरम्यान १९६७ मध्ये रॉबर्ट मॅकार्थर व ई. ओ. विल्सन यांनी जलद प्रजननास आणि दाटीत टिकून राहण्याच्या क्षमतेस अनुकूल अशा निवडीचे दोन प्रकार सांगितले होते.

एकदाच फुलून मरणाऱ्या बहुवर्षायू वनस्पती या विचारात विशेष उद्‌बोधक ठरतात. सह्याद्रीवरील कारवी (स्ट्रोबिलँथिस कॅलोसा) सात-आठ वर्षे वाढते, मग डोंगरउतारावरील बहुतेक सर्व कारवी एकाच हंगामात फुलते, बीज धरते व मरते. दक्षिणेतील नीलकुरिंजीचे चक्र बारा वर्षांचे आहे. एकाच वेळी प्रचंड बीज तयार झाल्याने ते खाणाऱ्या प्राण्यांना ते संपविता येत नाही व पुष्कळसे रुजण्यास उरते, असे स्पष्टीकरण डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये बांबूंच्या संदर्भात दिले. या धोरणाचे परिणाम मनुष्यालाही भोगावे लागतात. मिझोराममधील एक बांबू सु. ४८ वर्षांनी फुलतो. १९५८-५९ च्या फुलोऱ्यात उंदरांची संख्या बेसुमार वाढून त्यांनी शेते फस्त केली व दुष्काळ पडला. २००६–०८ मध्येही पिकांची मोठी हानी झाली.

ग्राइम यांचा त्रिकोण : विखुरलेल्या या निष्कर्षांना एका चौकटीत बसविण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठाचे जॉन फिलिप ग्राइम (१९३५–२०२१) यांनी केला. प्रथम त्यांनी व रॉडरिक हंट यांनी शेफील्डच्या परिसरातील १३२ जातींची रोपे प्रयोगशाळेत सारख्या अनुकूल परिस्थितीत वाढवून त्यांचा वाढीचा वेग मोजला (१९७५). नापीक जागेतील जाती भरपूर पोषण मिळूनही सावकाशच वाढल्या. त्यांचा मंदपणा केवळ उपासमारीचा परिणाम नसून उपजत गुण आहे, हे यातून दिसले. १९७४ व १९७७ चे निबंध आणि १९७९ चा ग्रंथ यांतून ग्राइम यांनी आपला सिद्धांत मांडला. वनस्पतींवरील बाह्य दडपणे दोनच प्रकारची असतात : एक ‘ताण’, म्हणजे पाणी, प्रकाश, खनिजे यांची कमतरता किंवा प्रतिकूल तापमान यांमुळे वाढीवर येणारी मर्यादा, आणि दुसरे ‘विक्षोभ’, म्हणजे चराई, नांगरट, वणवा, पूर यांमुळे तयार झालेल्या शरीराचा नाश. दोन्ही कमी असतील तेथे शेजाऱ्यांना मागे टाकणारे उंच, जोमदार ‘स्पर्धक’ वरचढ होतात. ताण अधिक व विक्षोभ कमी असेल तेथे मंद वाढणारे, चिवट पानांचे ‘ताणसहिष्णू’ टिकतात. विक्षोभ अधिक व ताण कमी असेल तेथे अल्पायुषी, बहुबीज ‘विक्षोभजीवी’ फोफावतात. दोन्ही तीव्र असतील तेथे कोणतेही धोरण चालत नाही. बहुतेक जाती या तीन टोकांनी बनलेल्या त्रिकोणात मध्ये कोठेतरी बसतात.

विक्षोभजीवींचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण म्हणजे गाजरगवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) होय. अमेरिकेतून आलेल्या या तणाची भारतातील नोंद पुण्याहून १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्पावधीत फुलणे व एका झाडापासून हजारो हलकी बीजे होणे या गुणांमुळे रस्त्यांच्या कडा, पडीत शेते व उकरलेल्या जागा यांवर ते देशभर पसरले. याउलट साताऱ्याजवळील कास पठारावर, जांभ्यावरील मातीच्या पातळ थरात, ताणाचे राज्य आहे : पावसाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात खडक तापतो व खनिजे नेहमीच अपुरी असतात. तेथील अनेक ओषधी पावसाळ्यातच जीवनक्रम आटोपतात, काही कंदरूपाने उरतात. तर दवबिंदू (ड्रॉसेरा) व सीतेची आसवे (युट्रिक्युलेरिया) या वनस्पती कीटक पकडून नायट्रोजनाची उणीव भरून काढतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील स्थळांबरोबर कासचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

ग्राइम यांच्या सिद्धांतावर टीकाही झाली. अमेरिकेतील डेव्हिड टिलमन यांच्या मते नापीक जमिनीतही स्पर्धा तीव्रच असते. जी जाती एखादे पोषकद्रव्य सर्वांत खालच्या पातळीपर्यंत उतरवूनही जगते तीच अखेर जिंकते. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला व हा वाद पुढे दोन दशके चालला. दोघे ‘स्पर्धा’ हा शब्द भिन्न अर्थाने वापरीत होते, हे त्याचे एक कारण होय. अधिक गंभीर आक्षेप असा, की समशीतोष्ण प्रदेशातील ओषधींवरून बांधलेल्या या चौकटीत उष्ण कटिबंधातील वृक्षांचे वैविध्य पुरेसे सामावत नाही. रामेन्स्की या रशियन शास्त्रज्ञांनी १९३० नंतरच्या दशकातच वनस्पतींचे असेच तीन प्रकार वर्णन केले होते व त्यांना सिंह, उंट व कोल्हे यांच्या उपमा दिल्या होत्या; परंतु रशियाबाहेर ते फारसे ज्ञात नव्हते. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच निष्कर्ष निघणे हे त्याच्या बळकटीचे द्योतक मानले जाते.

जागतिक मोजमाप : १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील मार्क वेस्टोबी यांनी पान, उंची व बीज यांची प्रत्येकी एक सोपी मोजणी सर्वत्र करावी, असे सुचविले. त्यानंतर निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी आपल्या नोंदी एकत्र आणल्या. २००४ मध्ये इयन राइट व सहकाऱ्यांनी १७५ स्थळांवरील २,५४८ जातींच्या पानांची तुलना प्रसिद्ध केली. एका टोकास पातळ, नायट्रोजनयुक्त, जोमाने प्रकाशसंश्लेषण करणारी पण अल्पायुषी पाने, तर दुसऱ्या टोकास जाड, चिवट, मंदगती पण दीर्घायुषी पाने. जगातील सर्व प्रकारच्या वनस्पती या एकाच रेषेवर कमीअधिक बसल्या. पानाचे आयुष्य काही आठवड्यांपासून वीस वर्षांहून अधिक असू शकते. २०१६ मध्ये सांद्रा दियास व सहकाऱ्यांनी ४६,०८५ जातींच्या सहा लक्षणांचा अभ्यास मांडला. लक्षणांच्या कल्पिता येणाऱ्या अगणित जुळण्यांपैकी फार थोड्या प्रत्यक्षात आढळतात आणि मुख्य भेद दोनच दिशांनी होतात, एक वनस्पतीच्या व तिच्या अवयवांच्या आकाराची व दुसरी पानाच्या जडणघडणीवरील खर्चाची, असा त्याचा निष्कर्ष होता. मर्यादित सामग्रीच्या वाटपाचा नियम अशा रीतीने मोजमापाने पुष्ट झाला.

व्यावहारिक महत्त्व : या ज्ञानाचा उपयोग तणनियंत्रण, खाणींनी उजाड झालेल्या जमिनींचे पुनरुज्जीवन व बदलत्या हवामानात वनश्री कशी पालटेल याचे अनुमान यांसाठी होतो. भारतात त्याचे सर्वाधिक महत्त्व गवताळ प्रदेशांच्या बाबतीत आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेतील दख्खनच्या माळरानांवर कुसळी (हेटेरोपोगॉन काँटॉर्टस) व इतर गवते आणि विरळ काटेरी झाडे असतात. कुसळीची मुकुले भूपृष्ठाशी सुरक्षित असल्याने वणवा किंवा चराईनंतर ती पुन्हा फुटते. तिच्या फळाचे पिळदार कुसळ ओलाव्याने उलगडते व कोरडे होताच पुन्हा पिळले जाते. त्यामुळे टोकदार फळ जमिनीत शिरते. ही लक्षणे दीर्घकालीन निवडीची साक्ष देतात. ती ओसाडपणाची खूण नव्हेत. तथापि वसाहतकालीन महसूल व वनव्यवस्थेने झाडे नसलेल्या जमिनीस पडीक मानले आणि स्वातंत्र्यानंतरच्या शासकीय पडीक जमिनींच्या नकाशांतही गवताळ व काटेरी झुडपांच्या क्षेत्रांची गणना होत राहिली. अशा माळांवर झाडे लावल्यास सावलीमुळे उन्हात वाढणारी गवते नाहीशी होतात. त्यांबरोबर माळढोक, तणमोर, काळवीट व लांडगा यांचे आश्रयस्थान आणि धनगरांची चराऊ कुरणे आक्रसतात. माळ म्हणजे अपुरे राहिलेले अरण्य, ही समजूत लूंड यांच्या मताचीच आवृत्ती होय. माळरानावरील प्रत्येक जागा मूळची गवताळच आहे, असेही गृहीत धरता येत नाही. वृक्षतोडीने उघड्या पडलेल्या जागाही असतात. दोहोंतील भेद तेथील वनस्पतींवरून ओळखावा लागतो. दीर्घायुषी, भूमिगत अवयवांच्या व वणव्यातून पुन्हा फुटणाऱ्या जाती विपुल असतील तर ती वनश्री जुनी समजावी; केवळ अल्पायुषी तणे असतील तर नुकत्याच झालेल्या विक्षोभाची शंका घ्यावी. कोणत्याही जमिनीवर वनीकरण करावे की तेथील गवत राखावे, हा निर्णय अशा पाहणीनंतरच घेणे इष्ट ठरते.